तीनशेंची यादी

गावाकडून फोन आला की तो बहुधा जमिनीच्या वाटणीचा, लग्नाचा किंवा कोणी गेल्याचा असतो. त्या दिवशीचा यांपैकी नव्हता. चुलतभाऊ म्हणाला, "देवळापुढं दगड बसवायचा ठरलंय. पावनखिंडीत पडलेल्या आपल्या गावच्या माणसांची नावं त्याच्यावर कोरायची. तुला मोडी येतंय, तेव्हा यादी तू काढून दे. दगड आला बी हाय."

आमचे गाव हिरडस मावळातले. भोरहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता नीरेच्या खोऱ्यातून जातो, त्या रस्त्यापासून थोडे आत. गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहायचे आहे ते ज्यांच्याबद्दल आहे ती माणसे हयात आहेत आणि माझ्यावर आधीच थोडी रागावलेली आहेत. मोडी मला येते हे खरे. निवृत्तीनंतर रीतसर वर्गात जाऊन शिकलो, आणि तेव्हापासून घरातला कोणताही जुना कागद, मग तो १९३० सालचा सावकारी हिशेब का असेना, माझ्याकडे 'शिवकालीन' म्हणून येतो. परंतु मोडी येणे वेगळे आणि वाचायला कागद असणे वेगळे. फोनवर हे बोलायचे धैर्य झाले नाही. 'बघतो' म्हणालो. गावाकडे 'बघतो' या शब्दाचा अर्थ 'करतो' असा घेतात.

पावनखिंडीची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. शके १५८२, आषाढी पौर्णिमेची रात्र, म्हणजे १२ जुलै १६६०. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला चार महिने पडलेला वेढा, मुसळधार पाऊस, शिवाजीमहाराजांची विशाळगडाकडे निघालेली पालखी, मागे लागलेला सिद्दी मसूद, आणि दुसऱ्या दिवशी गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी धरलेली वाट. महाराजांबरोबर सहाशे माणसे होती आणि खिंडीत तीनशे राहिली, असे परंपरेने सांगतात. शाळेत आम्हांला जो धडा होता त्यात बाजीप्रभू होते, त्यांचे दोन्ही हातांतले पट्टे होते, गडावरच्या तोफेचे आवाज होते. तीनशे हा एक आकडा होता. ही तीनशे माणसे कोण, कुठली, हे त्या धड्यात असलेच तर मला आठवत नाही. ती आमच्या खोऱ्यातली होती, हे मला वयाच्या तिशीनंतर कळले. तेही पुण्यात, एका ग्रंथालयात बसून.

कारण ती बांदलांची माणसे होती. बांदल म्हणजे हिरडस मावळाचे देशमुख, पिसावरे हे त्यांचे गाव. बाजीप्रभू या मावळाचे देशपांडे, भोरजवळच्या शिंद गावचे, आणि आधी बांदलांच्या पदरी कारभारी. घोडखिंडीत उभी राहिली ती बांदलांची जमेत. त्या काळी मावळातल्या देशमुखाने आपल्या खोऱ्यातले हशम, म्हणजे पायदळाचे लोक, गोळा करून आणायचे अशी रीत होती. त्यामुळे अशी जमेत म्हणजे एका अर्थी एकच खोरे असे. एका बांधावरची, एका पाणवठ्यावरची माणसे. आजच्या भाषेत तिला पलटण म्हणावे, फक्त तिचा हजेरीपट नाही.

मी खिंड पाहिलेली आहे. पन्हाळ्याच्या राजदिंडीपासून मसाई पठार, करपेवाडी, पांढरपाणी अशी ती दोन दिवसांची वाट आता दर आषाढात हजारो लोक चालतात. मी गेलो तेव्हा चाळिशीत होतो आणि आमच्या तुकडीत सर्वांत हळू चालणारा होतो. मसाई पठारावर धुके इतके होते की पुढच्या माणसाची पाठपिशवी तेवढी दिसे. भातखाचरांच्या चिखलात बूट रुतत, जळवा लागत, आणि संध्याकाळपर्यंत अंगावर कोरडा असा धागा राहिला नव्हता. दोन दिवसांत विश्रांती घेत घेत केलेली ही वाट त्या माणसांनी एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसाच्या काही प्रहरांत, आळीपाळीने पालखी खांद्यावर घेऊन तोडली, आणि त्यानंतर लढाईला उभी राहिली. हा विचार प्रत्येक जण करतो, मीही केला. पण मला तिथे जास्त जाणवले ते वेगळेच. खिंडीत उतरल्यावर ती अरुंद, काळ्या खडकाची, पाण्याने भरलेली जागा पाहून सगळे गप्प झाले. मग कोणीतरी घोषणा दिली आणि सगळ्यांनी ती उचलली. घोषणेत महाराज होते, बाजीप्रभू होते. दोघांची नावे घेऊन झाल्यावर पुढे म्हणायला काही नव्हते. माझ्या शेजारी उभा असलेला कॉलेजातला मुलगा म्हणाला, "आणि बाकीच्यांचा विजय असो!" सगळे हसले. तोही हसला. मला मात्र 'बाकीचे' हा शब्द पुढे कितीतरी दिवस पुरला.

यादी करायला बसलो तेव्हा प्रथम हाताशी घेतली ती जेधे शकावली. ही शकावली म्हणजे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात सांभाळून ठेवलेली घडामोडींची टाचणे. कारी आमच्याच तालुक्यातले, रोहिड खोऱ्यात. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध केली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी अभ्यासकांपुढे आली ती हिच्यामुळे, म्हणून तिचे नाव बहुतेकांना माहीत असते. तिची भाषा तारेच्या भाषेसारखी आहे. शक, महिना, तिथी, काय झाले, संपले. राजा जन्मला तरी एक ओळ आणि किल्ला घेतला तरी एक ओळ. विशेषणांवर खर्च करण्याची त्या लिहिणाऱ्याला सवय नाही. शके १५८२ च्या आषाढात पन्हाळ्याहून खेळण्याला जाण्याची नोंद आहे. बाजीप्रभू पडल्याचे आहे. आणि लढाईची शर्थ कोणी केली, तर बांदल लोकांनी, असे त्या नोंदीत आहे. नावे नाहीत. पण समूहाचे नाव आहे, आणि ते एका कृपण लेखणीने दिलेले आहे.

येथे वाचकाने थोडे थांबावे, कारण हे कोणी लिहून ठेवले ते महत्त्वाचे आहे. जेधे आणि बांदल यांचे वैर होते. साधे नव्हे, पिढीजात. शेजारची दोन खोरी, एकमेकांना लागलेल्या हद्दी, वतनाचा तंटा, आणि त्यापायी सांडलेले रक्त. कृष्णाजी बांदल महाराजांच्याही विरोधात गेला आणि मारला गेला. त्यानंतर बांदलांचे घराणे आणि त्यांच्याबरोबर बाजीप्रभू स्वराज्यात आले. आपण मावळ म्हटले की एकजुटीचे चित्र डोळ्यांपुढे आणतो. प्रत्यक्षात बारा मावळ म्हणजे बारा भांडणे होती. वेल्ह्याकडे गुंजण मावळात शिळीमकर, कानंद खोऱ्यात मरळ, इकडे जेधे, बांदल, खोपडे. प्रत्येकाचे एक खोरे, एक शिक्का आणि भाऊबंदांशी एक चालू कज्जा. अफझलखान आला तेव्हा १६५९ मध्ये आदिलशाही फर्मान या सगळ्या देशमुखांना आले. कारीचे कान्होजी जेधे पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कारी आणि उत्रवळी ही दोन्ही गावे भोरच्या परिसरातच आहेत. पुढे खोपडे हाती लागले तेव्हा कान्होजींनीच त्यांच्या जिवासाठी रदबदली केली. जीव वाचला, एक हात आणि एक पाय गेला.

आणि पन्हाळ्याहून निघालेली पालखी ज्या विशाळगडाकडे जात होती, त्याच्या पायथ्याला वेढा घालून बसले होते ते शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी. म्हणजे मागून सिद्दी मसूद आणि पुढे आपलेच लोक. याला यादवी म्हणायचे की नाही हा शब्दांचा वाद मी करीत नाही. ज्याला मारायचे आणि ज्याच्यासाठी मरायचे ती दोन्ही माणसे एकाच भाषेत आई म्हणून ओरडत होती, एवढे मात्र धरून चालायला हवे.

तर अशा वेळी जेध्यांच्या घरातल्या टाचणवहीत बांदलांची शर्थ नोंदली गेली. एवढेच नव्हे. दरबारात तलवारीचे पहिले पान जेध्यांचे असे. घोडखिंडीनंतर तो मान बांदलांना द्यावा असे महाराजांच्या मनात आले आणि जेध्यांनी तो आपणहून सोडला, अशी हकीकत या दोन्ही खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मान हा शब्द आज आपण सहज वापरतो. ज्यांनी गावच्या जत्रेत पालखीला आधी कोणी खांदा द्यायचा यावरून डोकी फुटलेली पाहिली आहेत, त्यांनाच पहिले पान सोडणे म्हणजे काय ते कळेल. (आमच्या गावात होळीच्या पहिल्या नारळावरून दोन घराण्यांत बोलणे बंद आहे. मी जन्मल्यापासून तरी बंदच आहे.) मला राहून राहून वाटते की त्या तीनशे जणांचे पहिले स्मारक दगडाचे नव्हतेच. ते हे होते. वैऱ्याने सोडलेली जागा, आणि वैऱ्याच्या घरातल्या वहीतली नोंद.

हे सगळे मनात असताना काही वर्षांपूर्वी पाहिलेले एक रणांगण आठवू लागले. माझी मुलगी अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहते. तिथून गाडीने दीड-दोन तासांवर गेटिसबर्ग आहे. १८६३ च्या जुलैत तिथे तीन दिवस जी लढाई झाली तिच्या मैदानावर तेराशेच्या वर स्मारके आहेत, आणि त्यांतली बरीचशी सेनापतींची नसून पलटणींची आहेत. जी पलटण जिथे उभी होती तिथेच तिचा दगड. मिनेसोटाच्या पहिल्या पायदळ पलटणीच्या दगडापाशी मी बराच वेळ थांबलो. २ जुलैच्या संध्याकाळी उत्तरेच्या फळीत खिंडार पडले, कुमक यायला काही मिनिटे लागणार होती, आणि तेवढी मिनिटे मिळवण्यासाठी जनरल हॅनकॉकने या एका पलटणीला समोरून येणाऱ्या संपूर्ण ब्रिगेडवर सोडले. स्मारकावरच्या हिशेबाप्रमाणे २६२ जण धावले आणि २१५ पडले. काही मिनिटांसाठी. तोफेचा आवाज ऐकू येईपर्यंत. मुलीला म्हणालो, "हे आपल्या घोडखिंडीसारखंच की." ती म्हणाली, "बाबा, तुम्हांला सगळीकडे भोरच दिसतं." तिचेही बरोबर आहे.

पण त्या पलटणीतले जे वाचले त्यांनी १८६७ मध्ये, म्हणजे लढाईनंतर चारच वर्षांनी, आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी तिथल्या दफनभूमीत एक दगडी कलश बसवला. त्या मैदानावरचे हे पहिले स्मारक. संगीन रोखून धावणाऱ्या शिपायाचा मोठा पुतळा १८९७ चा. दुसऱ्या एका टेकडीवर, मेन राज्याच्या विसाव्या पलटणीच्या साध्या दगडावर, पडलेल्या अडतीस जणांची नावे ओळीने कोरली आहेत. आणि कल्प्स हिल नावाच्या टेकडीवर मेरीलँडच्या पलटणी दोन्ही बाजूंनी होत्या. एकाच राज्याची माणसे एकमेकांवर गोळ्या झाडत होती. दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या मेरीलँडच्या पलटणीचा दगड १८८६ मध्ये तिथे उभा राहिला, तो विजेत्यांच्या मैदानावर दक्षिणेच्या पलटणीचा पहिला. पहिले पान आठवले ते तिथेच. तरीही, हजेरीपट होते, पगाराच्या नोंदी होत्या, पत्रे होती, असे असूनही तिथल्या राष्ट्रीय दफनभूमीत ९७९ माणसे अनोळखी म्हणून पुरलेली आहेत. जमिनीलगत संगमरवराचा छोटा चौकोन आणि त्यावर फक्त क्रमांक.

नावे का हवीत, हे मला पुणे जिल्ह्यातच दुसऱ्या एका दगडाने शिकवले आहे. कोरेगाव भीमाचा जयस्तंभ १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या कंपनी सरकारच्या पायदळ पलटणीसाठी उभारला गेला. १८२१ मध्ये त्याची पायाभरणी झाली. कोणी कोणत्या हेतूने उभारला त्याबद्दल वाद घालणारे घालोत. पण त्यावर साध्या शिपायांची नावे आहेत, आणि त्यांत 'नाक' प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे आहेत. ही नावे त्या दगडावर नसती तर १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे जाऊन काय दाखवू शकले असते? उलट, पहिल्या महायुद्धानंतर सरकारने आपल्याकडच्या कित्येक गावांत ज्या संगमरवरी पाट्या बसवल्या त्यांवर केवळ आकडे आहेत. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. कोण ते गावाने आठवावे. शंभर वर्षांत गाव विसरले. ज्यांच्या घरी पेन्शनचा कागद उरला त्यांना आठवते, बाकीच्यांना नाही.

म्हणून गावाची मागणी मला हास्यास्पद वाटली नव्हती. उलट ती बरोबरच होती, फक्त साडेतीनशे वर्षे उशिराची. मी शकावली पाहिली, करीने पाहिले, छापील कागदपत्रांतले महजर आणि निवाडे चाळले. बांदलांच्या घरातली काही नावे मिळतात, बाजीप्रभूंचे भाऊ फुलाजी यांचे नाव सांगितले जाते. आमच्या गावातला एकही नाही.

भाद्रपदात गणपतीला गेलो तेव्हा देवळात बैठक ठेवलेली होती. मी जाण्याआधीच एक यादी तयार होती. वहीच्या पानावर एकवीस नावे, सुबक अक्षरात. प्रत्येक भावकीने आपापल्या पूर्वजाचे एक नाव दिले होते. काही नावांपुढे 'राव' होते, दोन नावांपुढे 'सरदार' होते. अठरावे नाव आमच्या घराण्याचे. ते माझ्या आजोबांच्या चुलत्यांचे नाव आहे हे मला वाचताक्षणी कळले. ते गृहस्थ प्लेगात गेले होते.

मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले की या नावांना आधार नाही. तेव्हा अण्णा, म्हणजे माझे चुलते, वय वर्षे सत्त्याऐंशी, काठी आपटून म्हणाले, "आधार कसा नाही? घरात टाक हाय."

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचा एक टाक आहे खरा. वीराचा. घोड्यावर बसलेला, हातात तलवार. घरात कोणी लढाईत पडला तर त्याचा टाक करून देवांत ठेवायचा आणि सणावाराला नैवेद्य दाखवायचा, ही आपल्याकडची जुनी चाल. आजी त्याला 'वीरबाप्पा' म्हणायची आणि पहिला घास त्याच्यापुढे ठेवायची. ती त्याचे नाव कधी बोलली नाही, कारण तिलाही ते कोणी सांगितले नव्हते. टाक झिजला की सोनाराकडे मोडून नवा करतात. आजीच्या हयातीत एकदा केलेला मला आठवतो. त्यामुळे त्याच्यावरून काळ ठरवता येत नाही. वीर घोड्यावर आहे, आणि बांदलांचे लोक तर पायी होते, हेही मला दिसत होते. हे सगळे मी अण्णांना त्या चारचौघांत सांगू शकलो असतो. सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "अण्णा, टाक खरा आहे. आपल्या घरातलं कोणीतरी कुठंतरी पडलं, हे खरं आहे. पण तो घोडखिंडीत पडला की पानिपतावर की वतनाच्या मारामारीत, ते टाक सांगत नाही."

"मग तू काय कामाचा शिकला?" अण्णा म्हणाले. यावर उत्तर नव्हते.

बैठकीत मागे बौद्धवस्तीतला एक तरुण उभा होता. तो तालुक्याला नोकरी करतो, बोलायला शांत. तो म्हणाला, "सर, नावं कुणाचीच म्हाईत नाहीत, तर मग ती एकवीसच्या एकवीस वरच्याच आळीची कशी?" देवळात एकदम शांतता झाली. कोणी त्याला गप्प बस म्हणाले नाही, हे नोंदवायला हवे. कोणी उत्तरही दिले नाही. मावळातल्या त्या जमेतीत फक्त एका जातीची माणसे होती असे कोणताही जाणकार म्हणणार नाही. गडांवर, घाटांत, पालखीखाली आणि खिंडीत कोण कोण होते याचा विचार केला की ही यादी खोटी आहे एवढेच नव्हे, तर ती कोणाला तरी खोडून केलेली आहे हे दिसते. माझ्याकडे पुरावा नव्हता म्हणून मी नको म्हणत होतो. त्याने एका वाक्यात त्याहून मोठे कारण दिले. मला थोडी शरम वाटली, कारण ते कारण माझ्या मनात आधी यायला हवे होते.

बैठक कोणताही निर्णय न होता संपली. दोन दिवस घरात अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत असताना ओसरीवर येऊन बसले. चहा घेतला. मग म्हणाले, "त्या जेध्यांच्या वहीत काय लिवलंय, ते सांग पुन्हा."

मी सांगितले. बांदल लोक, असे लिहिले आहे.

"जेध्यांनी लिवलंय?"

"जेध्यांच्या घरात लिहिलेलं आहे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. समोर धरणाच्या पाण्यावर धुके होते. मग म्हणाले, "म्हंजे आपून समदे त्यात आलो." आणि थोड्या वेळाने, जरा खट्टू होऊन, "पर आपलं नाव न्हाई आलं."

"नाही आलं."

दगडावर शेवटी काय कोरायचे ते मी लिहून दिले आहे. तिथी, शक, खिंडीचे नाव, आणि हिरडस मावळातले बांदल लोक. बाजीप्रभूंचे नाव आहे. बाकी नावे नाहीत. वरच्या आळीला ते अजून पुरते पटलेले नाही; दगड देवळाच्या भिंतीला टेकवून गोणपाटाने झाकून ठेवला आहे आणि दुपारच्या वेळी पोरे त्यावर चढून बसतात. परवा भोरहून कोरणाऱ्या कारागिराचा फोन आला. त्याचा दर अक्षरामागे आहे. मजकूर वाचून तो म्हणाला, "साहेब, एवढ्या मोठ्या दगडावर एवढंच? खाली अर्धा दगड मोकळा राहतोय. तिथं नक्षी काढू का?"

अण्णांना विचारून सांगतो, असे म्हणालो. अण्णांना विचारले. ते म्हणाले, "नक्षी नको. तशीच ठेव म्हणावं."